पेरू द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये का बिघडतो

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ओळखीच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दहा दिवस पेरू ठेवला. बाहेर काढला तेव्हा हिरवागार होता, आणि दुकानात दोनच दिवसांत सालीवर तपकिरी डाग, आत गर काळपट. व्यापारी म्हणाला फवारणी चुकली. मला तसं वाटत नाही. तुमच्या मालाला थंडी लागलीय.

आपण नाशिकची माणसं द्राक्षाच्या हिशेबाने विचार करतो. द्राक्ष तोडलं की त्याचं पिकणं तिथंच थांबतं, गोडी वाढत नाही. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास नेऊन ठेवलं की टिकतं. पेरूचं तसं नाही. तो तोडल्यावरही पिकत राहतो. श्वसन वाढतं, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सुटतं, हिरवा रंग उतरतो, तुरटपणा जातो, वास सुटतो. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं म्हणून गर मऊ पडतो. साध्या खोलीत हे सगळं चार-सहा दिवसांत उरकतं.

हा वेग कमी करायला थंडी हवीच, पण ८ ते १० अंशांची. पाडाला आलेला हिरवट माल या तापमानात, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर, दोन-तीन आठवडे निघतो. त्याखाली गेलात की पेशींना इजा होते. फसवणारी गोष्ट ही की आत असेपर्यंत ती दिसत नाही. फळ बाहेर उबेला आलं की साल खड्ड्याखड्ड्यांनी दबते, तपकिरी पडते, फळ नीट पिकतच नाही आणि कूज लवकर धरते.

मी स्वतः हे भोगलंय. पहिल्या वर्षी सरदार जातीच्या पेरूचे क्रेट २ अंशांच्या रूममध्ये टाकले होते. काढताना खूश होतो, साल अगदी ताठ. चौथ्या दिवशी एक फळ कापलं तर बियांच्या भोवती चहाच्या रंगाचं कडं, आणि पेरूचा वास नावाला नाही. पूर्ण पिकलेलं फळ ५ ते ८ अंश थोडे दिवस सोसतं, पण हिरवं फळ जास्त नाजूक असतं. आपण मात्र टिकावं म्हणून नेमकं हिरवंच ठेवतो.

त्यात द्राक्षाच्या पेट्यांमधलं पॅड सल्फर डायऑक्साइड सोडतं. तो गॅस द्राक्षाच्या बुरशीसाठी आहे, दुसरं फळ त्या रूममध्ये नकोच.

तुम्ही लिहिलंय की ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) वाढला होता, म्हणजे माल चांगला असणार. इथं घाई करू नका. फळातलं पाणी उडालं की रस घट्ट होतो आणि मीटर जास्त दाखवतो. त्याच दिवशी क्रेटचं वजन करून पाहा. देठाजवळ साल सुरकुतली असेल तर ती गोडी नाही, तो सुकवा आहे. पेरूची खरी दौलत क जीवनसत्त्व. ते फळ पिकेपर्यंत वाढतं आणि जास्त पिकलं की उतरतं. मऊ पडून वास भपकारायला लागलेल्या फळात चवीबरोबर तेही गेलेलं असतं.

काढणीचंही सांगतो, कारण निम्मा टिकाऊपणा तिथंच ठरतो. सकाळच्या गारव्यात, गडद हिरवा रंग फिका पडायला लागला की कात्रीने देठ ठेवून तोडा. ओढून काढलं की देठाजवळ जखम होते आणि कूज तिथून सुरू होते. अगदी कोवळं तोडलं तर ते नीट पिकत नाही, चिवट राहतं. आंबे बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलून पावसाळ्यात येणारा माल साठवायच्या भानगडीत पडू नका. तो पाणचट असतो, फळमाशीही असते, तोडला की विका. साठवायचाच तर मृग बहाराचा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलून हिवाळ्यात येणारा माल. फळाला फोमची जाळी, क्रेटला कागद, आणि पिशवी वापरलीत तर भोकांची, नाहीतर आत कोंडून आंबूस वास येतो. केळी किंवा पिकलेली फळं त्याच खोलीत नकोत, त्यांच्या इथिलीनने सगळा लॉट एकदम पिवळा होतो.

अजून बारा क्रेट आत आहेत म्हणालात. ते आज थेट वाशीच्या बाजाराला पाठवू नका. वेगवेगळ्या क्रेटमधली चार-पाच फळं काढा, दोन दिवस ओट्यावर ठेवा आणि आडवी कापा. बियांभोवती कडं तपकिरी दिसलं तर तो माल टिकणार नाही, पल्पवालाही काळा गर घेत नाही. गर पांढरा निघाला तर लगेच जवळच्या बाजारात काढून टाका.