एकही महाग नव्हता, ताई!

ताई, मी अमळनेरला शिक्षक आहे. विद्यार्थी असताना शाळेच्या बँडपथकात ट्रम्पेट वाजवायचो, तो नाद सुटला नाही. अमेरिकेत शाळकरी पोरांसाठी बनलेले जुने ट्रम्पेट तिथे स्वस्तात मिळतात. पुतण्या सुट्टीत येताना एखादा आणतो, काही इकडेच बंद पडलेल्या बँडवाल्यांकडून घेतले. आता अकरा झालेत, त्यात ओल्ड्स या अमेरिकी कंपनीचे ‘ॲम्बॅसेडर’ मॉडेलच तीन. यंदा कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमले, बायकोने गाद्या काढायला दिवाण उघडला आणि आत सहा पेट्या निघाल्या. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. एकही ट्रम्पेट महाग नव्हता, ताई. माझं चुकलं कुठे?

भाऊ, ‘एकही महाग नव्हता’ इथेच तर घोडं पेंड खातंय. भारीतला घ्यायचा असता तर तुम्ही वर्षभर विचार केला असता, वहिनींना विचारलं असतं, भिशी लावली असती. स्वस्त वस्तूला दारात कुणी अडवत नाही.

मोह मला कळतो. माझं माहेर चोपड्याचं, शेजार बँडवाल्यांचा. लग्नसराई संपली की ओट्यावर वाद्यं उघडून बसायचे, आम्ही पोरं बघत राहायचो. तुमच्याकडे बेलवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, लॉस एंजेलिस कोरलेला ॲम्बॅसेडर आला असेल, मग कारखाना पुढे जिथे गेला त्या फुलर्टनचाही हवासा वाटला असेल. कंपनी १९७९ मध्ये बंद पडली म्हटल्यावर हात आणखी सैल. उद्या कॉन कंपनीचा, तांब्याच्या लालसर बेलचा ‘डायरेक्टर’ दिसेल! पोरांची आदळआपट सोसावी म्हणून दणकट केलेली वाद्यं ती, म्हणून तर अजून वाजतात.

पण ट्रम्पेट म्हणजे टपाल तिकिटं नव्हेत. आपल्या उन्हाळ्यात दिवाणात पडून राहिला की व्हॉल्व्हचं, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांचं, तेल सुकतं, त्यांच्या आतले पिस्टन अडकतात, सरकत्या नळ्या म्हणजे स्लाइड जाम होतात. आतल्या ओलीने पितळेतलं जस्त निघून जातं. माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर समजा, नळी आतून सडतेय. आज रात्रीच एकेक काढून बघा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढा, ‘टॉक’ असा आवाज आला तर तो हवा धरतोय, गळत नाही. आणि ज्यातून सूरच निघत नाही, त्याचे पिस्टन तपासा. त्यांवर १, २, ३ आकडे असतात. अदलाबदल झाली की फुंकर अडते. कुणी तुम्हाला कवडीमोलाने दिला असेल तर कदाचित एवढ्याचसाठी. (वहिनींना पितांबरी मात्र लावू देऊ नका. वरचा चकचकीत लेप, लॅकर, जाईल, आणि भुकटी व्हॉल्व्हमध्ये शिरली तर पिस्टन खरवडतील.)

आता वहिनींचं. त्यांचं दुखणं पैशाचं आहे असं तुम्ही धरून चाललात, म्हणून भाव सांगत बसलात. अहो, स्वतःच्या घरातली गोष्ट त्यांना पाहुण्यांच्या देखत कळली, तीही जावा-नणंदांच्या समोर! तेव्हा अकराच्या अकरा पेट्या ओसरीत मांडा आणि कोणता कधी, कितीला घेतला ते न विचारता सांगा. लपवलेला बारावा असेल तर तोही.

मग रोज फुंकाल असे दोन ठेवा. ॲम्बॅसेडर तीन आहेत म्हणून तीन नव्हे. दोन-तीन तुमच्या शाळेत चालतील, माउथपीस कोमट साबणपाण्यात धुऊन द्या. बाकीचे तुळशीच्या लग्नाआधी गावातल्या बँडमधल्या नव्या पोरांना घेतल्या भावात, हप्त्याने द्या. डीजेने त्यांचं काम आधीच खाल्लंय, निदान वाद्य तरी धड असू दे. फुकट मात्र देऊ नका. सहज आलेली वस्तू कोपऱ्यात पडते, हे तुम्हाला मी काय सांगू?

आणि पुतण्याला आजच कळवा: यंदा ट्रम्पेट आणू नकोस, काकूला काय हवं ते तिलाच फोन करून विचार.