वाचकांचे प्रश्न : सीसीटीव्हीचे घड्याळ

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) नऊ मिनिटे मागे पडला आहे आणि वीज बराच वेळ गेली की त्याची तारीख थेट २००० सालावर जाते. एनटीपीचा (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीचा) पर्याय सुरू करूनही फरक पडलेला नाही. काय करावे?
– संस्थेचे सचिव, डोंबिवली

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र आले आहेत. तारीख २००० सालावर जाणे हे आतील नाण्याच्या आकाराचा सेल संपल्याचे लक्षण आहे. हा सेल बहुधा सीआर २०३२ जातीचा असतो आणि तो तंत्रज्ञाकडून बदलून घेता येतो. घड्याळ मागे पडणे मात्र बिघाड नव्हे. क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या गतीत दहा लाखांत २० भाग एवढी चूक असली, तरी रोज सुमारे पावणेदोन सेकंदांचा, म्हणजे वर्षाला दहा मिनिटांचा फरक साचतो.

एनटीपी हा फरक वेळोवेळी पुसून टाकतो, परंतु त्यासाठी डीव्हीआरला इंटरनेटपर्यंत पोहोचता आले पाहिजे, आणि घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. डीव्हीआरच्या सेटिंगमधील नेटवर्कच्या पानावर गेटवे (इंटरनेटकडे जाण्याची वाट) म्हणून आपल्या राउटरचा पत्ता आणि त्याखाली चालू स्थितीतील डीएनएसचा (नावावरून इंटरनेटवरील पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता भरलेला आहे का, हे आधी पाहावे. डीएनएस चुकीचा असेल तर वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ताच सापडत नाही आणि अनेक यंत्रे त्याबद्दल चकार शब्दही काढत नाहीत. सर्व्हर म्हणून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ हा पत्ता द्यावा, कारण भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम हीच संस्था करते. पोर्ट, म्हणजे माहितीची ये-जा होणाऱ्या दाराचा क्रमांक, १२३ ठेवावा. राउटरच्या फायरवॉलने (नको असलेली वाहतूक रोखणाऱ्या सोयीने) या पोर्टवरील यूडीपी वाहतूक, म्हणजे एनटीपीचे संदेश ज्या पद्धतीने जातात ती वाहतूक, अडवलेली नसावी. अद्ययावत करण्याचा कालावधी एक तास पुरेसा आहे, मात्र आपल्या यंत्रात तो आकडा मिनिटांत भरायचा की तासांत, हे नीट वाचावे.

सर्व्हर केवळ जागतिक प्रमाणवेळ पाठवतो. त्यात साडेपाच तास मिळवण्याचे काम यंत्राचे असते. म्हणून टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० निवडावा आणि ‘डीएसटी’ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात ती सोय) बंद ठेवावे. वेळ नेमकी एका तासाने चुकली, तर पहिला संशय या डीएसटीवरच घ्यावा.

हे सारे करण्यापूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. पोलिसांना किंवा कार्यकारिणीला हवे असलेले जुने चित्रण आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि डीव्हीआरची वेळ व मोबाइलची वेळ एकाच छायाचित्रात टिपून ठेवावी, कारण जुन्या चित्रणावर छापलेली चुकीची वेळ नंतर दुरुस्त होत नाही आणि तेव्हाचा फरक किती होता याचा पुरावा आपल्याजवळ असावा लागतो. डीव्हीआर पुढे धावत असता, तर घड्याळ मागे घेताना तीच मिनिटे दोनदा नोंदली जाऊन शोधताना गोंधळ उडाला असता. आपला मागे असल्याने चित्रणात केवळ नऊ मिनिटांची पोकळी दिसेल. ती का पडली, याची नोंद संस्थेच्या दप्तरात तारखेसह करावी.