'सीमापार' की 'पारराष्ट्रीय'?

धुळ्याच्या एक ताई माध्यमांवर प्रबंध लिहिताहेत. त्यांनी विचारलंय: 'ट्रान्सनॅशनल'ला मराठीत काय लिहावं? मार्गदर्शक 'पारराष्ट्रीय' सुचवतात, वर्तमानपत्रांत 'सीमापार' दिसतं. आणि सरळ 'आंतरराष्ट्रीय'च लिहिलं तर काय बिघडतं?

ताई, शेवटचं आधी घेतो. रावेर-यावलची केळी दुबईला गेली, की तो आंतरराष्ट्रीय व्यापार. माल इकडून निघाला, तिकडे उतरला, विषय संपला. जळगावच्या जैन इरिगेशनने 2007 मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मी भागीदारी घेतली, तो बहुराष्ट्रीय कारभार. पण समजा, अमळनेरकडचा एक मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला. पासपोर्ट तिथला, पण घरी पैसे धाडतो, भाऊबंदकीच्या वादात व्हॉट्सॲपवरून तावातावाने बोलतो, रात्री यूट्यूबवर अहिराणी गाणी लावून बसतो. त्याला यातलं काय म्हणाल? अहिराणीत विचाराल तर तो 'आठेबी अन् तठेबी', म्हणजे इथेही आणि तिथेही आहे. 'ट्रान्सनॅशनल' हा शब्द अशांसाठी रुळला. अमेरिकन लेखक रँडॉल्फ बोर्न यांनी 1916 च्या निबंधात तो वापरला, तो मूळ ओळख न पुसता तिथे राहणाऱ्या स्थलांतरितांबद्दल. 1990 च्या दशकात मानवशास्त्रज्ञ नीना ग्लिक शिलर आणि सहकाऱ्यांनी त्याला सामाजिक शास्त्रांत पक्की जागा मिळवून दिली.

आता 'सीमापार'. व्याकरणात खोट नाही, संगत मात्र वाईट. हद्दपार, तडीपार ही त्याची भावंडं. तड म्हणजे काठ. त्याच्या पलीकडे घालवलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली तसा आदेश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी निघतो. त्यात बातम्यांनी 'सीमापार'ला 'दहशतवाद' इतका घट्ट चिकटवलाय, की 'सीमापार कुटुंबं' लिहिलंत तर वाचक आधी दचकेल. 'सातासमुद्रापार'मध्ये अभिमान आहे, हे कबूल. पण शिक्षा असो की कौतुक, हा 'पार' एकाच दिशेने जातो. गेलेल्याचं येणं-जाणं त्यात मावत नाही.

येणं-जाणं आहे ते सीमोल्लंघनात. दसऱ्याला गावाची शीव ओलांडायची, आपट्याचं सोनं घेऊन परत घरी यायचं, मग ओवाळणी. एरवी 'उल्लंघन' म्हटलं की दंडाची पावती आठवते. या एका शब्दात ते मंगल राहिलं. दुर्दैवाने त्याचं विशेषण करायला गेलं तर 'सीमोल्लंघक' होतो, आणि तो थेट पोलीस ठाण्यातच जातो!

'शीव' शब्द मात्र तुमच्या प्रबंधाला फार उपयोगी पडेल. संस्कृत 'सीमा'चंच ते झिजलेलं रूप. शिवार त्याचंच, मुंबईचं शीवही त्याचंच. 'हद्द' अरबीतून आली, फारसी 'सर' जोडून 'सरहद्द' झाली. वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. सरहद्दीवर फौज असते. हद्दीत पोलीस ठाणं, कर, कायदा येतो. शीव दोन गावांची सामाईक असते. तिथे एकमेकांची गुरं शिरतात, भांडणं होतात, सोयरिकीही होतात.

नवापूर स्टेशन पाहा. सुरत-भुसावळ मार्ग आधीचा, दोन राज्यं 1 मे 1960 ची. रेघ स्टेशनातूनच गेली: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि एका बाकावर दोन्ही राज्यांची नावं. बाकाच्या एका टोकाला दारूबंदी लागू, दुसऱ्याला नाही. इथे हद्द बदलते, शीव तीच राहते. (बुऱ्हाणपूर, खानदेशाच्या फारुकी सुलतानांची राजधानी, आज मध्य प्रदेशात आहे, हेही ध्यानात असू द्या.)

अमळनेरकडच्या त्या मुलाचंही असंच आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना 2005 पासून मिळणारं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड त्याला ये-जा करू देतं, मतदान नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. कायद्याने त्याची हद्द बदलली, पण शिवारातला वाटा राहिला. तुमचा विषय नेमका या फटीत आहे, असं मला वाटतं.

तेव्हा प्रबंधात संज्ञा म्हणून 'पारराष्ट्रीय' चालवा. मार्गदर्शकांशी वाद घालण्याइतका तो वाईट नाही. एक काना राहिला तर 'परराष्ट्रीय' होईल आणि परराष्ट्र खात्यात जाऊन बसेल, एवढं मुद्रितं तपासताना बघा. प्रकरणांच्या मजकुरात मात्र 'पारराष्ट्रीय समुदाय' दर ओळीला नको. 'दोन देशांत नांदणारी माणसं' लिहा. 'नांदणं' या क्रियापदात राहणंही येतं आणि नातंही. तस्करांच्या टोळ्यांना तेवढं नांदवू नका, त्यांना 'सीमापार'च शोभतं.