माजी शासक की माजी आमदार?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक शिक्षक आपल्या भागातल्या एका माजी आमदारांच्या गौरव अंकासाठी त्यांचा मराठी परिचय लिहीत आहेत. हाताशी कन्नड परिचयपत्र आहे. त्यात ‘माजी शासकरु’, ‘माजी सचिवरु’, ‘जिल्हा उस्तुवारी सचिवरु’ अशी पदं आहेत. शब्द सगळे ओळखीचे, मग मराठीत तसेच ठेवले तर काय बिघडलं, असं त्यांनी विचारलंय.

बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. शब्द ओळखीचे आहेत म्हणूनच बिघडतं. अगदी अनोळखी शब्द असता तर कुणीही थांबून विचारलं असतं.

आधी ‘शासक’ घेऊ. मराठीत शासक म्हणजे राज्य करणारा, सत्ताधीश: मोगल शासक, ब्रिटिश शासक. लोकांनी मतं देऊन निवडलेल्या माणसाला आपण शासक म्हणत नाही. त्यात आमच्याकडे महापालिकेची मुदत संपली की ‘प्रशासक’ येतो, म्हणजे निवडून न आलेला अधिकारी. त्यामुळे ‘माजी शासक’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एखादा संस्थानिक किंवा अधिकारी उभा राहतो, गावोगाव मतं मागत फिरलेला आमदार नव्हे.

पण कन्नड शब्द चुकीचा आहे असं मात्र मुळीच नाही. संस्कृतात ‘शासन’ म्हणजे आज्ञा, राजाज्ञा हाही अर्थ आहे, आणि कन्नडने तो नीट जपलाय. तिथे कोरीव लेखाला शासन म्हणतात. हासन जिल्ह्यातला हल्मिडीचा प्रसिद्ध शिलालेख म्हणजे ‘हल्मिडी शासन’. कायदा हेही शासनच. कायदेमंडळ ते ‘शासकांग’ आणि कायदा करणारा तो ‘शासक’. हिंदीनेही असंच केलंय. विधी म्हणजे कायदा, त्यावरून ‘विधायक’. मराठीत विधायक म्हटलं की आपल्याला रचनात्मक काम आठवतं, म्हणून हिंदी बातमी मराठीत आणताना आपण न चुकता विधायकाचा आमदार करतो. तीच काळजी कन्नडच्या बाबतीत घ्यायला हवी. सीमाभागात दोन्ही भाषा रोज कानावर असल्याने ती सुटते, एवढंच.

मराठीने वेगळी वाट धरली. ‘आम’ हा अरबीतून आलेला, सर्वसामान्य या अर्थाचा शब्द. ‘दार’ हा फारसी प्रत्यय, जमीनदार-तहसीलदारातला. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास या जोडीतले आम आणि खास आमदार-खासदार या जोडीत आहेत. कन्नड आणि हिंदी शब्द कायद्यापासून निघाले, आपला शब्द सामान्य जनतेपासून निघाला. मला तो फार आवडतो. विधानसभा मुंबईची असो वा बेंगळुरूची, मराठीत तो माणूस आमदारच. बोलताना ‘एमेलेसाहेब’ म्हणतात ते म्हणू द्या. प्रश्न छापील मजकुराचा आहे.

‘सचिव’ तर याहून धोक्याचा. कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री, आणि आपण ज्याला सचिव म्हणतो तो तिकडे ‘कार्यदर्शी’. कर्नाटकातल्या हुक्केरीचे उमेश कत्ती आठ वेळा आमदार म्हणून निवडून आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिपदावर असतानाच वारले. कन्नड बातम्यांत ते सचिव होते, ते बरोबरच. मराठीत त्यांना ‘सचिव’ लिहिलं की लोकांनी आठ वेळा निवडून दिलेला माणूस मंत्रालयातला सनदी अधिकारी ठरतो. तुमच्या अंकातल्या माजी मंत्र्यांचंही तेच होईल. कारकिर्दीचा कळस एका शब्दाने पुसला जाईल. ‘माजी मंत्री’ असंच लिहा. ‘जिल्हा उस्तुवारी सचिव’ म्हणजे आपले पालकमंत्री. यातला उस्तुवारी शब्द मराठीला परका नाही. जुन्या पिढीच्या बोलण्यात गुराढोरांची किंवा पिकाची उस्तवार येते, म्हणजे निगा.

‘माजी’ बिनधास्त ठेवा, दोन्हीकडे एकच अर्थ. कन्नड ‘हाली शासक’ म्हणजे विद्यमान आमदार. तो हाली आणि आपलं ‘हल्ली’ एकाच अरबी घरातले. राजीनामा, मतदार, पदवीधर हेही तसेच दोन्हीकडचे. ‘शासकांचं अनुदान’ मात्र ‘आमदार निधी’ करा.

परिचयात विधान परिषदेचा उल्लेख असेल तर आणखी एक. कन्नडमध्ये शासक म्हटलं की सहसा विधानसभेचाच सदस्य समजतात, वरच्या सभागृहातल्याला ‘विधान परिषद सदस्य’ म्हणतात. मराठीत दोघांनाही आमदार म्हणायची पद्धत आहे. कर्नाटकातही दोन सभागृहं आहेत, म्हणून सभागृहाचं नाव स्पष्ट लिहा. शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघातून गेले असतील तर तेही.

शेवटी नावांचं, कारण गौरव अंकांत इथे हमखास घोटाळा होतो. ज्या निवडणुकीबद्दल लिहाल, त्या वेळचं नाव लिहा. २००८ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली आणि उचगाव, संकेश्वर ही मतदारसंघांची नावं गेली, पण त्याआधी तिथून निवडून आलेला माणूस उचगावचा किंवा संकेश्वरचाच आमदार होता. राज्याचंही तसंच. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्याचे आमदार मुंबई विधानसभेत बसत. त्यानंतर १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत राज्याचं नाव म्हैसूर होतं. जमखंडीचे बी. डी. जत्ती आधी मुंबई राज्यात आमदार आणि उपमंत्री होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर म्हैसूर विधानसभेत गेले आणि १९५८ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांना ‘कर्नाटकचे मुख्यमंत्री’ लिहिलेलं अनेकदा दिसतं. मराठी परिचयात ‘तत्कालीन म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री’ हवं. तुमचे आमदार १९५६ ची पुनर्रचना झाल्यावर पण १९७३ च्या आधी निवडून आले असतील, तर त्यांच्या पहिल्या कारकिर्दीपुढेही ‘म्हैसूर विधानसभा’ असंच छापा.