पृथ्वीचा गाभा घडताना लोखंड आणि पाण्याच्या अभिक्रियेचा काय परिणाम झाला?

सगळा खेळ दाबाचा आहे. पृष्ठभागावर तापलेलं लोखंड वाफेतला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन उडून जातो. काही गिगापास्कल दाबाखाली (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) मात्र हा हायड्रोजन लोखंडातच शिरतो: लोखंडाचे तीन अणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून एक आयर्न ऑक्साइड, दोन आयर्न हायड्राइड (लोखंड आणि हायड्रोजनचं संयुग). ऑक्साइड सिलिकेट खडकात मिसळून प्रावरणात, म्हणजे गाभ्यावरच्या थरात राहतं, हायड्राइड खाली गाभ्यात बुडतं. शिवाय हायड्रोजनमुळे लोखंड कमी तापमानाला वितळतं, त्यामुळे धातू वेगळा होणं सोपं जातं.

बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा 5 ते 10 टक्के हलका आहे; त्याचं सगळं श्रेय हायड्रोजनला देऊ नका, गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजनही दावेदार आहेत. नेमका वाटा ठरवणं कठीण, कारण प्रयोगात दाब काढताच हायड्रोजन निसटतो. म्हणून नमुना दोन हिऱ्यांमध्ये दाबलेला असतानाच क्ष-किरणांनी मोजावा लागतो.