करंट-व्होल्टेज एकाच कार्डावर वाचतोय, पण नो-लोडला (मोटर रिकामी फिरताना) वॉट दर वेळी वेगळे येतात. सँपलिंगचं टायमिंग कसं लावू?

तुमचा सेटअप मला असा समजला: रबाळे एमआयडीसीत मोटर टेस्ट बेंच, एनआयचं (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) सिग्नल मोजणारं यूएसबी कार्ड, पायथनच्या लूपमध्ये स्लीप टाकून दर मिलिसेकंदाला एक रीडिंग. एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या दाखवणारं गणित) ५० हर्ट्झचा पीक पसरट दिसतो.

कार्डाला दोष देऊ नका, आधी तो स्लीप काढा. विंडोजचा टायमर मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो, शिवाय प्रत्येक रीडिंगला यूएसबीची फेरी वेगळी. त्यामुळे दोन सँपलमधलं अंतर कधीच सारखं राहत नाही, आणि एफएफटी तर ते सारखं आहे असं धरूनच चालते. टँकमधली पातळी किंवा तापमान असं वाचलं तर बिघडत नाही; एसीला चालत नाही.

टास्कला (कार्डाला दिलेल्या मोजणीच्या कामाला) कार्डावरचा सँपल क्लॉक, म्हणजे सारख्या अंतरानं सँपल घेणारं घड्याळ, द्या: ५००० सँपल प्रति सेकंद, कंटिन्युअस मोड, एका वेळी १००० सँपल वाचा. म्हणजे २०० मिलिसेकंद, ५० हर्ट्झची बरोबर १० आवर्तनं. ग्रिड मात्र साधारण ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये हलत असते, म्हणून हॅन विंडो (तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावाच. या रेटला ड्रायव्हरचा बफर १०,००० सँपलचा, म्हणजे दोन सेकंदांचा असतो. त्याच लूपमध्ये ग्राफ काढत बसलात की -२००२७९ एरर (सँपल वाचण्याआधीच बफरमधून पुसली गेली) येईल. ग्राफ वेगळ्या थ्रेडमध्ये टाका.

वॉटची भानगड इथे संपत नाही. अशा कार्डात बहुधा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) एकच असतो आणि मल्टिप्लेक्सर (चॅनल बदलणारा स्विच) त्याला एकामागून एक चॅनल जोडतो. व्होल्टेज आधी, करंट काही मायक्रोसेकंदांनी. ५० हर्ट्झला १ मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१८ अंश. १४ मायक्रोसेकंद धरले तर पाव अंश. फुल लोडला हे जाणवतही नाही, पण नो-लोडला पॉवर फॅक्टर ०.२ असेल तर वॉटमध्ये सुमारे २ टक्क्यांची चूक होते. डेटाशीटवर विसंबू नका, मोजा: पीटीचं (व्होल्टेज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) एकच आउटपुट दोन्ही चॅनलना द्या आणि मूळ ५० हर्ट्झचा फेजफरक काढा. तो वेळेत बदलून करंटचा चॅनल तेवढा सरकवा. अंशांत वजा केलात तर हार्मॉनिक्स चुकतील. १५० हर्ट्झला तीच वेळ तिप्पट अंश होते.

सोर्स इम्पिडन्स (कार्डाला सिग्नल देणाऱ्या सर्किटचा रोध) १ किलोओहमच्या आत ठेवा. नाहीतर आधीच्या चॅनलचं व्होल्टेज पुढच्यात झिरपतं. रिकामा चॅनल उघडा सोडून स्कॅन केलात तर त्यावर शेजारच्याचीच वेव्ह दिसते, ती हीच.

बेंचवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सॉफ्टवेअर फिल्टर कामाचा नाही. त्याचा ४ किलोहर्ट्झचा कॅरियर (स्विचिंगची फ्रिक्वेन्सी) ५००० च्या सँपलिंगला १ किलोहर्ट्झवर येऊन बसतो, आणि एकदा बसला की वेगळा काढता येत नाही. कार्डाआधी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (आरसी फिल्टर) लावा, कटऑफ सुमारे १.६ किलोहर्ट्झ. कॅरियर यानं कमी होईल, नाहीसा होणार नाही, म्हणून कार्डाची एकूण मर्यादा सांभाळून रेटही वाढवा. हा आरसी ५० हर्ट्झलाच १.८ अंश फेज खातो. एका चॅनलचा कपॅसिटर १० टक्के कमी-जास्त निघाला की आणखी ०.१८ अंशाचा फरक आला. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या, कपॅसिटर मीटरवर मोजून जोड्या लावा, आणि वरची फेजची चाचणी आरसी लावल्यावरच करा, सिग्नल आरसीच्या अलीकडून देऊन.