थंड पाणी लागताच दातांतून कळ का येते?

प्रश्न : डॉक्टर, माझे वय ४२ वर्षे आहे. गेल्या उन्हाळ्यापासून माठातले पाणी प्यायले की डावीकडच्या वरच्या दातांतून कळ जाते. संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या तरी दात शिवशिवतात. कीड कुठेही दिसत नाही. जाहिरातीतली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आठ दिवस वापरली, पण फरक पडला नाही. आता संत्री बंद करावीत का?
– एक वाचक भगिनी, धरमपेठ

उत्तर : कळ डावीकडे येते हे आपण आवर्जून लिहिले, ते फार उपयोगाचे आहे. उजव्या हाताने दात घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या उपदाढांवर अधिक पडतो, आणि ही तक्रारही सर्वाधिक याच दातांच्या बाहेरच्या अंगाला, हिरडीलगत आढळते. आपला ब्रश कडक असेल किंवा महिना-दोन महिन्यांतच त्याचे केस फाकत असतील, तर संत्र्यांच्या आधी ब्रशावर संशय घ्यावा.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कठीण कवच असते. चावण्याच्या टोकांवर ते सुमारे अडीच मिलिमीटर जाड असले, तरी हिरडीजवळ येता येता पापुद्र्याइतके पातळ होते. तेथून खाली मुळावर सिमेंटमचा नाजूक थर असतो, आणि सुमारे दहा टक्के दातांमध्ये हे दोन्ही थर एकमेकांना भिडतच नाहीत, त्यामुळे मधली जागा केवळ हिरडीने झाकलेली असते. हिरडी मागे सरली, की आतले डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये एका चौरस मिलिमीटरला हजारो अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाणी, वारा, गोड किंवा आंबट पदार्थ लागला, की हा द्रव जागचा हलतो आणि नलिकांच्या आतल्या टोकाशी असलेले मज्जातंतू चेतवले जातात. स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांच्या आधारे मांडलेले हे स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मान्य आहे. थंडाव्याने द्रव बाहेरच्या दिशेला ओढला जातो आणि त्या दिशेची हालचाल मज्जातंतूंना अधिक जाणवते, म्हणूनच चहापेक्षा माठातले पाणी आपल्याला जास्त झोंबते.

नागपुरात राहून संत्री सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मात्र ती कधी आणि कशी खावीत, याला महत्त्व आहे. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते, आणि उघडे पडलेले मूळ तर त्याहून सौम्य आम्लानेही झिजते. संत्र्याच्या रसाचा पीएच साडेतीन ते चारच्या आसपास असतो, तर लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच असतो. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने एकेक फोड तोंडात टाकण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच संत्रे खावे, म्हणजे लाळेला दात सावरण्यासाठी मधला वेळ मिळतो. लिंबू सरबत किंवा पन्हे घोट घोट करत तासभर पिऊ नये. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा ते एक तास ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेला थर त्या वेळी ब्रशाने सहज खरवडला जातो. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी पिऊन लगेच दात घासण्याची सवय अनेकांना आहे. ती मला सर्वांत घातक वाटते.

पेस्टला आपण पुरेसा अवधी दिला नाही. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मज्जातंतूंना हळूहळू शांत करते आणि तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. स्ट्रॉन्शियम, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असलेल्या पेस्ट नलिकांची तोंडे बुजवतात. कोणतीही निवडली तरी ती सकाळी आणि रात्री झोपताना वापरावी, घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत, अन्यथा औषध लगेच धुऊन जाते. ब्रश मऊ घ्यावा, पेन धरतो तसा बोटांत हलका धरावा, हिरडीशी ४५ अंशांत टेकवून दोन मिनिटे लहान हालचालींनी फिरवावा. चार आठवड्यांतही उतार पडला नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. तेथे फ्लोराइडचा लेप देता येतो, हिरडीलगत खाच पडली असल्यास ती दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरता येते, आणि हिरडी फारच खाली गेली असेल तर तेथे हिरडीचे कलम करण्याचाही पर्याय असतो.

प्रश्न : महिन्याभरापूर्वी दात साफ करून घेतले, तेव्हापासून गार वारासुद्धा लागतो आणि दातांमध्ये फटी दिसतात. घरची मंडळी म्हणतात, साफ केल्याने दात हलतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही. दातांवर वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणाने हिरड्या सुजतात आणि खालचे हाड झिजते. दात सैल होतो तो त्यामुळे. कीटणाच्या थराखाली ही हानी झाकलेली असते, आणि थर निघाला, हिरडीची सूज उतरली, की फटी आणि उघडी मुळे एकदम नजरेस पडतात. त्यामुळे दोष सफाईच्या माथी येतो. साफ केल्यानंतरची शिवशिव बहुधा काही दिवसांत ओसरते. आपल्याला महिना झाला आहे, म्हणून ज्यांनी दात साफ केले त्यांच्याकडेच पुन्हा जाऊन मुळांवर फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा. भीतीपोटी ब्रश करणे टाळले, तर तेच कीटण पुन्हा चढेल.

प्रश्न : मी २८ वर्षांचा असून कारखान्यात पाळीत काम करतो. सात-आठ वर्षांपासून खर्रा खातो. दाढा सपाट झाल्या आहेत, आणि एका दाढेतून चावताना सणक निघते. लवंगेचे तेल लावल्यावर थोडे बरे वाटते.
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. खर्र्यातली सुपारी कठीण असते आणि तासन्‌तास ती चघळल्याने दाढांचे एनॅमल घासले जाते. त्यातला तंबाखू आणि चुना जेथे दाबून ठेवला जातो, तेथली हिरडी खाली सरते. चावताना, विशेषतः चावा सोडताना सणक येत असेल, तर दाढेला बारीक तडा गेल्याची शक्यता धरावी लागते, आणि तडा पेस्टने भरून येत नाही. ती दाढ लवकर तपासून तिच्यावर टोपी बसवावी लागते. लवंगेच्या तेलाने तेवढ्यापुरते बधिर होते, पण ते वारंवार लावल्यास हिरडी भाजते. काही जण दुखऱ्या दाताशी अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवतात, त्यानेही हिरडी जळते.

मला दाढेपेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात सहज जातात का, हे आजच पाहावे. जात नसतील, किंवा तिखट खाताना गालाच्या आत आग होत असेल, तर तो सुपारीने होणारा सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होण्याचा आजार, असू शकतो, आणि या आजारातून पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. खर्रा सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी खर्रा लागतो, असे अनेक कामगार सांगतात. आपलेही तसे असल्यास ते समुपदेशकाला सांगावे, म्हणजे त्या वेळेसाठी उपाय शोधता येईल.

प्रश्न : आईचे वय ६३ आहे. गरम चहा घेतला की तिची एक दाढ बराच वेळ ठणकते, रात्री झोपही लागत नाही. तिच्यासाठी कोणती पेस्ट चांगली?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : कोणतीही नाही. संवेदनशील दाताची कळ, कारण दूर झाले की काही सेकंदांत थांबते. ठणका मागे रेंगाळणे, गरम लागताच वाढणे आणि रात्री आपोआप सुरू होणे ही दाताच्या आतला गाभा सुजल्याची लक्षणे आहेत. येथे बहुधा रूट कॅनाल करावे लागते, आणि उशीर झाला तर दाढ काढावी लागते. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर नागपुरातील मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. गालावर सूज किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आईंना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नये.